रविवारी खिचडीची रांग, मंगळवारी रिकामं पोट

मागच्या अंकात रस्त्यावर राहणाऱ्या लोकांवर आणि अन्नदानावर थोडंसं लिहिलं होतं, एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मेल आले, व्हॉट्सॲप आले, दोन तर चक्क पोस्टकार्डं (अजून मिळतात म्हणायची!). सगळ्यांना उत्तर द्यायला अंक पुरणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, गाव तेवढं ठेवलंय. काही जणांनी रागावून लिहिलंय, तेही घेतलंय.

प्रश्न (डोंबिवली) : ताई, आम्ही आठ-दहा मित्र दर रविवारी सकाळी खिचडी करून पुलाखाली आणि स्टेशनबाहेर वाटतो. परवा बघितलं तर अर्धी पाकिटं कचऱ्यात. एक बाई तर म्हणाली, "खिचडी नको, दुसरं काय आहे?" मूडच गेला सगळ्यांचा. खरंच भूक असेल तर माणूस असं करेल का? बंद करावं का हे?

उत्तर : बंद अजिबात करू नका, पण आधी रविवार सोडा. एकदा रविवारी काहीही न वाटता नुसतं त्या पुलाखाली जाऊन बसा आणि बघा. तुमच्या आधी कुठल्यातरी मंडळाचा टेम्पो पोहे देऊन गेलेला असतो, मग कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस म्हणून वडापाव आणि केक, मग तुम्ही, आणि दुपारी परत कुणीतरी पुलाव घेऊन हजर. शनिवारी मारुतीच्या देवळापाशी हेच, गुरुवारी साईबाबांच्या. आणि सोमवार-मंगळवार? चिटपाखरू फिरकत नाही. ज्याच्याकडे फ्रीज नाही, झाकणाचा डबा नाही, डोक्यावर पत्रा नाही त्याने खिचडीचं चौथं पाकीट घेऊन करायचं काय, ठेवलं तर वासाने कुत्री येतात, उंदीर येतात, मग ते कचऱ्यातच जाणार ना. आणि त्या बाईंचं म्हणाल तर माझ्याकडे जेवायला आलेल्या पाहुण्याने तिसऱ्यांदा वाढताना "आता भात नको, भाजी असेल तर द्या" म्हटलं तर मी त्याला माजलाय म्हणत नाही. रस्त्यावरच्या माणसाला पण दात नसतात, पोराला जुलाब लागलेले असतात, सलग दोन दिवस तेच खाल्लेलं असतं. ती "दुसरं काय आहे" म्हणाली तेव्हा तुमच्यातल्या कुणी "काय पाहिजे?" असं उलट विचारलं का? कारण खरं काम तिथून सुरू होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नगरचं उदाहरण देते (आता अहिल्यानगर म्हणायचं, तोंडात बसायला वेळ लागतोय). डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे, नवरा-बायको दोघंही डॉक्टर. त्यांची सुरुवात तुमच्यासारखीच होती, घरी स्वयंपाक करायचा, डबे भरायचे आणि रस्त्यावर भान हरपून फिरणाऱ्या माणसांना शोधून शोधून खाऊ घालायचं. पण डबा देऊन आपण घरी आलो तरी त्या बाईची रात्र रस्त्यावरच असते, आणि एकटी बाई, स्वतःचं भान नसलेली, तिच्या वाट्याला रात्री काय काय येतं ते इथे लिहायला नको. पोटुशा बाया दिसायला लागल्या, कुणाचं म्हणून विचारायची पण सोय नाही. डब्याने हे थांबणार नव्हतं. मग माउली सेवा प्रतिष्ठान आणि नगर-मनमाड रस्त्यावर शिंगवे नाईकला घर उभं राहिलं, तिथे या बायका आणि त्यांची लेकरं राहतात, औषधपाणी चालू असतं आणि कुणी जा म्हणत नाही.

आता तुम्ही लगेच आश्रम काढा असं मी म्हणत नाहीये, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. एवढंच करा की वार बदला, मंगळवार धरा नाहीतर बुधवार, आणि एकदा धरला की पावसात पण चुकवू नका. माणसं कमी घ्या, पन्नासच्या ऐवजी पंधरा. बरोबर एक वही ठेवा, नाव, गाव, काय दुखतं, कागद काय काय आहेत, घरचं कुणी आहे का. पहिल्या दिवशी कुणी काही सांगणार नाही, खोटं नाव सांगतील, सांगू देत. माझ्या ओळखीच्या एका ग्रुपने असंच चालवलं होतं, त्यात एक आजोबा दर वेळी पाकीट घ्यायचे आणि उघडायचेच नाहीत, रेलिंगला बांधलेल्या पिशवीत ठेवून द्यायचे. पोरांना वाटायचं विकत असतील. बऱ्याच आठवड्यांनी कळलं की शुगर आहे, भात खाल्ला की चक्कर येते, गोळ्या कधीच संपल्यात. डॉक्टरचा जुना कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात, घामाने अर्धा पुसलेला. मनपाच्या दवाखान्यात केसपेपर काढला, गोळ्या सुरू झाल्या, भाकरी द्यायला लागले आणि त्या कागदावर गावाचं नाव होतं त्यावरून पुतण्या सापडला. पुतण्या घरी नाही घेऊन गेला, पण महिन्याला येऊन भेटून जातो, मोबाइल घेऊन दिलाय. हे फक्त खिचडीने झालं नसतं, पण खिचडी नसती तर ओळखच झाली नसती, हे पण तेवढंच खरं.

प्रश्न (सांगली) : मे महिन्यात मुलीचं लग्न आहे, ८०० पानं धरलीत. उरलेलं अन्न गरिबांना जावं अशी फार इच्छा आहे. मंगल कार्यालयवाले म्हणतात तुमचं तुम्ही बघा. कसं करावं?

उत्तर : काका, अभिनंदन! पहिली गोष्ट म्हणजे ८०० सांगताय तर खरंच किती येणार ते मुलीलाच बसवून मोजा, कारण उरलेलं वाटण्यापेक्षा न उरलेलं बरं, आणि पैसे वाचले तर ते थेट एखाद्या संस्थेला द्या, लग्नाचं जेवण एका दिवसाचं, त्या पैशांत तांदूळ-डाळ महिनाभर.

तरी उरणारच. मग फोन लग्नाच्या रात्री नाही करायचा, आठ दिवस आधी करायचा. आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात उरलेलं अन्न नेणारे लोक आहेत, मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली, माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी उभी केलेली रोटी बँक वेगळी, शिवाय २०१४ पासून रॉबिन हूड आर्मीची पोरं बऱ्याच शहरांत आहेत आणि ती पैसे घेतच नाहीत, फक्त अन्न. सांगलीत कोण आहे ते कार्यालयवाल्यांपेक्षा केटररला विचारा, त्याला पक्कं माहिती असतं.

दुसरं म्हणजे ताटात उरलेलं आणि पातेल्यात उरलेलं यात फरक आहे, ताटातलं कुणालाही द्यायचं नाही, तो अपमान आहे. पातेल्यातलं द्यायचं पण मे महिन्याचा उकाडा, शिजवलेलं अन्न ५ ते ६० डिग्रीच्या मधे राहिलं की जंतू भराभर वाढतात, म्हणून दोन तासांत एकतर पोहोचलं पाहिजे नाहीतर ते गरम तरी ठेवलं पाहिजे. दुपारी १२ची पंगत, फोटो, पाठवणी, विहीणबाईंचा रुसवा, हे सगळं आटपून संध्याकाळी ६ वाजता आठवण झाली तर कृपा करून देऊ नका. भात सगळ्यात फसवा, बघून कळत नाही. पनीर, मठ्ठा, बासुंदी, ओल्या नारळाचं वाटण घातलेलं काहीही, हे विसरा. पोळ्या, पुऱ्या, सुकी भाजी, बुंदीचे लाडू, जिलबी हे चालतं. एफएसएसएआयने (म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०१९ मध्ये उरलेलं अन्न वाटण्यासाठी नियमच केलेत, त्यातलं आपल्या कामाचं एवढंच की डब्यावर पदार्थ काय, कधी केला, व्हेज की नॉनव्हेज हे लिहून चिकटवा. ज्याला दवाखान्याची सोय नाही त्याला जुलाब झाले तर पुण्य कुठल्या खात्यात जमा होणार?

प्रश्न (कराड) : एसटी स्टँडवर एक माणूस बरेच महिने दिसतो, केसांच्या जटा, अंगावर चिंध्या, स्वतःशी बोलतो, कचऱ्यातलं खातो. कुणाला त्रास नाही. पोलिसांना सांगितलं तर ते म्हणाले आमचं काम नाही, एखादा आश्रम बघा. खरंच त्यांचं काम नाही का?

उत्तर : त्यांचंच काम आहे. आणि हे फारच थोड्या लोकांना माहिती आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यातलं कलम १००. आपल्या हद्दीत कुणी मानसिक आजारी माणूस असा भटकताना दिसला आणि त्याला स्वतःची काळजी घेता येत नाहीये असं वाटलं तर त्याला संरक्षणात घेणं ही पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची ड्युटी आहे, ड्युटी म्हणजे मनात आलं तर करायची गोष्ट नव्हे. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आणि बेघर असेल तर हरवलेल्या माणसाची नोंद करून घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा. तेव्हा परत जा, एकटे नका जाऊ, दोघं-तिघं जा, लेखी अर्ज द्या, कलम लिहा, पोच घ्या. आवाज चढवू नका, बिचारे हवालदार पण बंदोबस्ताने पिचलेले असतात, पण कागद दिला की कागद हलतो. मग सिव्हिल हॉस्पिटल, आणि तिथून गरज पडली तर प्रादेशिक मनोरुग्णालय, आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत.

आणि हा माणूस "असाच" आहे असं धरून चालू नका. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी, दोघं मानसोपचारतज्ज्ञ, मुंबईत प्रॅक्टिस. त्यांना रस्त्यावर एक तरुण दिसला, नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पीत होता. उचलून आपल्याच नर्सिंग होममध्ये आणला, उपचार केले, आणि बरा झाल्यावर तो बोलायला लागला तर काय, बीएस्सी झालेला, पुढे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेला, आंध्रातला, वडील तिकडे जिल्हा परिषदेत नोकरीला. स्किझोफ्रेनिया झाला, घरातून निघाला, तिथून गटारापर्यंत. घरी मात्र त्याची वाट बघत होते! यातून १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू झालं, पुढे कर्जतला मोठं केंद्र झालं, आणि २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे मिळालं. यांचं वैशिष्ट्य असं की लोकांना कायमचं ठेवून घेत नाहीत, बरं करतात, घरचा पत्ता काढतात आणि संस्थेचा माणूस बरोबर देऊन थेट गावी नेऊन सोडतात, बिहार असो की तमिळनाडू. हजारो लोक असे घरी गेलेत. पत्ता काढायची पद्धत पण ऐकण्यासारखी असते, माणूस गावाचं नाव सांगत नाही पण तिकडच्या देवळाचं नाव सांगतो, यात्रेचं सांगतो, मग नकाशा, मग तिथलं पोलीस ठाणं, मग सरपंच.

तोवर तुम्ही रोज चहा-बिस्कीट द्या, एकाच वेळेला, एकाच जागी. जटा कापायला, आंघोळ घालायला आणि त्याचा व्हिडिओ काढून टाकायला जाऊ नका, ते फॅड झालंय हल्ली. स्वतःच्या आजारपणाचा व्हिडिओ असा गावभर फिरलेला आपल्याला चालेल का?

प्रश्न (पुणे, कोथरूड) : स्पष्ट लिहिते, राग मानू नका. सिग्नलवर भीक मागणाऱ्यांना तुम्ही लोकांनी लाडावून ठेवलंय. कायदा आहे ना भीक मागण्याच्या विरोधात? तो वापरला तर आठ दिवसांत शहर साफ होईल.

उत्तर : राग नाही मानत. कायदा आहे, १९५९चा, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, आपल्या महाराष्ट्रात अजून चालू आहे. त्यात पकडलेल्याला पहिल्याच वेळी कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. आता त्यातली भीक मागण्याची व्याख्या वाचा एकदा. पोट भरायचं उघड साधन नाही आणि सार्वजनिक ठिकाणी फिरतोय, एवढं पण पुरतं. म्हणजे नोकरी गेलेला, पाकीट मारलं गेलेला, कुणीही. गाणं म्हणून, खेळ दाखवून पैसे घेणारा पण त्यातच, मग वासुदेव, बहुरूपी सगळेच आत टाकायचे का? दिल्ली हायकोर्टाने ऑगस्ट २०१८ मध्ये याच कायद्यातली भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आणि ६५ वर्षं हा कायदा वापरून शहर साफ झालं नाही तर आता आठ दिवसांत कसं होईल ते मला तरी कळत नाही.

लहान पोराला जबरदस्तीने मागायला लावत असतील तर मात्र मुलांच्या मदतीच्या १०९८ नंबरला फोन करा, तिथे बिलकुल दयामाया नको. सिग्नलवर पैसे द्यावे की नाही हा तुमचा प्रश्न, मी पोरांच्या हातात देत नाही, म्हाताऱ्यांच्या देते, त्याचं ते काय करतील ते करोत.

प्रश्न (लातूर जिल्हा) : माझ्या मेव्हण्याला तोंडाचा कॅन्सर निघाला. मुंबईला टाटात नेलंय. राहायला जागा नाही म्हणून बहीण आणि तो हॉस्पिटलबाहेर फूटपाथवर झोपतात. दीड एकर होतं त्यातलं अर्धं गेलं. तुमचे बेघर लोक वेगळे, पण आम्ही पण बेघरच झालो की ताई.

उत्तर : दादा, वेगळे कसले, परळच्या फूटपाथवर जे झोपलेत त्यातले कितीतरी तुमच्यासारखेच, गावाकडे घर आहे, अंगण आहे, आणि इथे प्लॅस्टिकचा कागद. सगळ्यात आधी बहिणीला सांगा की टाटामध्येच सोशल वर्करचं डिपार्टमेंट आहे तिथे जाऊन "आम्ही बाहेर झोपतो" हे तोंडाने सांग. लाजून सांगत नाहीत लोक. तिथून धर्मशाळांसाठी चिठ्ठी मिळते, चिठ्ठीशिवाय बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटसाठीच. गर्दी असते, वेटिंग असतं, एकदा नाही म्हणाले तरी रोज जाऊन विचारायचं, कारण रोज कुणीतरी गावी जातं आणि खाट मोकळी होते.

गाडगेबाबांचं नाव निघालंच तर सांगते. अमरावतीकडच्या शेंडगावचा हा माणूस, १८७६ चा जन्म, स्वतः अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. लोकांनी दिलेले पैसे कुठे गेले तर धर्मशाळांत, पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई, आणि स्वतः मात्र तिथे न राहता बाहेर झोपायचे. देवळं का नाही बांधली, तर माणूस यात्रेला आला, दवाखान्यात आला तर त्याला पाठ टेकायला जागा पाहिजे हे त्यांनी बघितलेलं होतं. दशसूत्रीतलं "भुकेलेल्यांना अन्न" सगळ्यांना पाठ असतं, फ्लेक्सवर पण तेच, त्याच यादीत पुढे "बेघरांना आसरा" आहे, "रोग्यांना औषधोपचार" आहे, "बेकारांना रोजगार" आहे. पहिल्या ओळीवरच सगळे थांबतात, कारण ती एका सकाळीत उरकते.

तुमचं राहिलं. डॉक्टरांना विचारा की पुढची केमो किंवा तपासण्या बार्शीला होतील का, तिथे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, टाटाशी जोडलेलं, लातूरहून एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. सगळंच तिथे होईल असं नाही, ऑपरेशनचं डॉक्टरच सांगतील, पण अर्धं जरी तिकडे झालं तरी मुंबईचा मुक्काम वाचतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं टेबल हॉस्पिटलमध्ये असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. आणि उरलेलं रान विकू नका एवढ्यात. मेव्हण्याला माझा नमस्कार सांगा.

प्रश्न (न्यू जर्सी) : इथल्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये दर दिवाळीला थोडे पैसे जमतात, गावाकडच्या बेघरांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थेला द्यायचे आहेत. संस्था खरी की खोटी कसं ओळखायचं? एक संस्था म्हणते थेट अध्यक्षांच्या खात्यात टाका.

उत्तर : अध्यक्षांच्या खात्यात एक डॉलर पण टाकू नका, विषय संपला.

बाकीचं असं, तुमच्यातल्या ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, त्यांचे पैसे ही विदेशी देणगीच, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. छोट्या संस्थेकडे हे बहुधा नसतं. तेव्हा ग्रुपचे पैसे एकत्र करून एकाने पाठवू नका, संस्थाच अडचणीत येते, आणि चांगली संस्था असेल तर तुमच्या उत्साहापायी तिला नोटीस यायची. तिकडे टॅक्समध्ये सूट हवी असेल तर ती मिळते तिकडच्या ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर, सांगोल्याच्या ट्रस्टला थेट दिलेल्यावर नाही.

खरी-खोटीचं म्हणाल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि दर वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागा. पण कागद सगळ्यांचेच व्यवस्थित असतात हो, विशेषतः लबाडांचे. मी एकच विचारते, गेल्या वर्षी तुमच्याकडे आलेल्यांपैकी किती जण आता तुमच्याकडे नाहीत आणि ते कुठे आहेत? चांगल्या संस्थेचा माणूस अर्धा तास बोलतो, एक घरी गेला, एक हॉटेलात कामाला लागला, एक पळून गेला परत स्टेशनवर दिसतो, एक वारला. पळून गेलेले आणि वारलेले जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवा. आणि जो फक्त "आम्ही एवढी लाख जेवणं दिली" म्हणतो त्याला विचारा, एवढ्याच लोकांना परत परत का द्यावी लागतात?

(भारतातल्यांसाठी, देणगीवरच्या इन्कम टॅक्स सवलतीची म्हणजे ८०जीची पावती घ्या, २००० रुपयांच्या वर रोख दिलंत तर सूट मिळत नाही, आणि नवीन टॅक्स रिजीममध्ये असाल तर ८०जीचा फायदाच नाही. सूट नाही म्हणून देणं थांबवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.)

प्रश्न (नागपूर) : मनपाचा रात्र निवारा आहे, गादी आहे, पंखा आहे, फुकट आहे. तरी लोक फूटपाथवर झोपतात. यांना सुधारायचंच नाही असं वाटतं.

उत्तर : तुम्ही एक रात्र राहून बघितलंय का तिथे? टोमणा नाही, खरंच विचारतेय. काही निवारे फार छान चालतात, काही नाही. पण न जाण्याची कारणं अगदी साधी असतात. नवरा-बायको-दोन पोरं असं कुटुंब असेल तर बायकांचं वेगळीकडे आणि पुरुषांचं वेगळीकडे, कुटुंबाचा निवारा मिळणं मुश्कील. मजूर असेल तर पहाटे नाक्यावर उभं राहावं लागतं, निवारा नाक्यापासून तासाभरावर, रिक्षाला पैसे घालवणार की तिथेच झोपणार? गाठोडं कुठे ठेवायचं? भंगारची गाडी कुठे लावायची? कुत्रं बरोबर असतं, त्याला आत घेत नाहीत. आणि सकाळी बाहेर काढलं की तापाने फणफणलेला माणूस दिवसभर जाणार कुठे?

नियम काय सांगतो, तर लाख लोकसंख्येमागे निदान एक निवारा, वर्षभर, २४ तास उघडा, नुसता रात्रीचा नाही, माणशी ५० चौरस फूट जागा, आणि जिथे ही माणसं मुळात असतात त्याच्या जवळ. सुप्रीम कोर्ट हे २०१० पासून सांगतंय. या हिशेबाने एकट्या मुंबईला सव्वाशेच्या आसपास लागतील, २०११ ची लोकसंख्या धरली तरी, आणि आहेत त्या मानाने अगदीच थोडे. जनगणनेत बेघर मोजले २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत, देशात १७ लाखांवर निघाले, महाराष्ट्रात २ लाखांवर. एका रात्रीत टॉर्च घेऊन जेवढे सापडले तेवढे! तेव्हा सुधारायचं कुणाला आहे हा प्रश्न मी जरा वेगळ्या दिशेने विचारेन.

आता थोडक्यात.

शिवभोजन थाळीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. दुपारीच मिळते. अनुदान थकल्याच्या बातम्या येत असतात, त्यामुळे जवळचं केंद्र चालू आहे का ते आधी स्वतः जाऊन बघा, मगच कुणाला पाठवा. चालू असेल तर झकास, कारण १० रुपये मोजून बाकावर बसून ताटात जेवणं आणि रांगेत हात पसरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जुने कपडे? धुतलेले, बटणं असलेले, पुरुषांच्या पँटी आणि चपला. साड्यांचे ढीग आणि लग्नातले शेरवानी कृपया नकोत. आतले कपडे नवीन द्या, सॅनिटरी पॅड द्या, याचं कुणालाच सुचत नाही. ब्लँकेट डिसेंबरात सगळेच देतात, पावसाळ्यात ताडपत्री द्या.

रेशन आणि आधार. बेघराला पत्ता नाही म्हणून आधार मिळत नाही हे खरं नाही, मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. आधार झालं की बँक, मग रेशन, मग निराधारची पेन्शन, एकात एक अडकलेलं असतं सगळं. म्हणून वेळ असेल पण पैसे नसतील असं ज्यांनी लिहिलंय (रिटायर्ड मंडळी बरीच आहेत), त्यांनी वाटपाला नका येऊ, कुणा एकाबरोबर सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहा. तिथे तुमच्यासारखा शर्ट इन केलेला माणूस बरोबर असला की काउंटरवरचा सूर बदलतो, वाईट आहे पण आहे.

मतदार यादीचं सोलापूरच्या एका सरांनी विचारलंय. हो, बेघराला मत आहे, फॉर्म ६ भरायचा, पत्त्याचा पुरावा लागत नाही, पुरावा म्हणजे बीएलओने (त्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणारा अधिकारी) स्वतः रात्री जाऊन बघायचं की हा माणूस खरंच तिथे झोपतो का, आणि एकदा नाही, एकापेक्षा जास्त रात्री. तेव्हा फॉर्मवर जागा नीट लिहा, कुठला पूल, कुठल्या बाजूचा खांब, कुणाच्या दुकानासमोर, आणि बीएलओला तुमचा नंबर देऊन ठेवा, कारण नेमके त्याच रात्री अतिक्रमणवाले येऊन सगळ्यांना उठवून गेले तर जागा रिकामी दिसणार आणि अर्ज बाद, मग परत पहिल्यापासून.